एलव्हीएम रिव्ह्यू: चालू सर्व्हरची डिस्क वाढवायला अडीच वर्षं वापरलं, चांगलं काय आणि त्रासाचं काय

रात्री पावणेअकराला टेक्निशियन ताईंचा फोन आला, "दादा, सीटीच्या इमेज सर्व्हरला जाईनात ओ, पेशंट टेबलावरनं उतरवलाय पण डॉक्टरांना घरी काहीच दिसंना." मिरजेतल्या एका डायग्नोस्टिक सेंटरचं सर्व्हरचं काम माझ्याकडं आहे आणि ही गोष्ट मार्च २०२३ ची, सर्व्हर बसवून जेमतेम दोन महिने झालेले. अपघाताची केस होती, डोक्याचा सीटी, म्हणजे उद्या सकाळी बघू असं म्हणायची सोयच नव्हती. लॅपटॉप उघडून आत शिरलो, डीएफ मारलं, म्हंजे किती जागा भरलीय ते दाखवणारी कमांड, तर रूटची, म्हंजे सिस्टिमच्या मुख्य जागेची, साईझ ९८ जीबी आणि वापर १०० टक्के. आणि डिस्क १ टीबीची, मी स्वतः उभं राहून लावून घेतलेली.

तर हा रिव्ह्यू त्या रात्री ज्यानं वाचवलं त्याचा, लिनक्समधल्या एलव्हीएमचा, म्हंजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. पैसे लागत नाहीत, ओपन सोर्स आहे, उबंटू, डेबियन, रेड हॅट सगळीकडं मिळतं. पण फुकट आहे म्हणून रिव्ह्यू करायचा नाही असं थोडंच आहे, माझ्या मते ज्या गोष्टीवर पेशंटच्या इमेज ठेवायच्या तिचा रिव्ह्यू आधी व्हायला पाहिजे, मोबाईलचे काय सगळेच करतात.

आधी हे आहे काय ते सांगतो, ज्यांना माहिती आहे त्यांनी हा पॅरा सोडून द्या. साध्या पार्टिशनमध्ये डिस्कवर रेघा मारलेल्या असतात, इथून इथपर्यंत रूट, पुढं स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची जागा), पुढं डेटा, आणि रूट वाढवायचा तर शेजारचा स्वॅप आडवा येतो. एलव्हीएम काय करतं तर सगळ्या डिस्कांची कणीक एकाच परातीत मळतं आणि तिचे बारीक सारखे गोळे करतं. एक गोळा म्हंजे एक एक्स्टेंट, मुद्दाम बदललं नाही तर ४ एमबीचा. डिस्क म्हंजे फिजिकल व्हॉल्यूम, परात म्हंजे व्हॉल्यूम ग्रुप, आणि त्यातले गोळे मोजून घेऊन जे बनवतो ते लॉजिकल व्हॉल्यूम, त्यावर मग एक्स्टी४ नाहीतर एक्सएफएस अशी फाइल सिस्टिम, म्हंजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, घालायची. गोळे एकाला एक लागून असायला पाहिजेत असं नाही, एका डिस्कवरचे असायला पाहिजेत असंही नाही. म्हणून तर वाढवणं इतकं सोपं. लिनक्ससाठी हे हाइन्झ मॉएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिहिलं, कल्पना एचपी-यूएक्स या एचपीच्या युनिक्समधल्या व्हॉल्यूम मॅनेजरवरून घेतलेली, आणि आज आपण वापरतो ते दुसरं व्हर्जन लिनक्सच्या २.६ कर्नलपासून आत असलेल्या डिव्हाइस मॅपर या भागावर चालतं. म्हंजे नवीन काहीतरी ट्राय करतोय असं नाही, वीस-पंचवीस वर्षं घासून पुसून झालेली वस्तू आहे.

आता त्या रात्रीचं. ग्रुपचा हिशेब दाखवणारी व्हीजीएस कमांड मारली तर ग्रुपची साईझ ९२८.४६ जी आणि शेवटच्या कॉलममध्ये, व्हीफ्री, ८२८.४६ जी. सव्वाआठशे जीबी नुसतं पडून होतं आणि इकडं इमेज अडकलेल्या! झालं असं होतं की उबंटू सर्व्हरच्या इन्स्टॉलरमध्ये एलव्हीएम निवडून नेक्स्ट नेक्स्ट करत गेलं की तो २०० जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर रूटला फक्त १०० जीबी देतो, बाकी सगळं ग्रुपमध्ये मोकळं ठेवतो. मी इन्स्टॉल करताना ती समरीची स्क्रीन नीट वाचली नव्हती. तुमच्याकडं उबंटूचा सर्व्हर असेल तर आत्ता उठून व्हीजीएस मारून बघा, खरंच सांगतो, निम्म्या लोकांना नवीन डिस्क विकत घ्यायची गरजच नसेल.

मग सरळ व्हॉल्यूम वाढवणारं एलव्हीएक्स्टेंड मारलं तर तेही होईना. एरर आला की /ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्ह मध्ये लिहायला जागा नाही. हे मला तेव्हा माहिती नव्हतं, कुठलाही बदल करायच्या आधी एलव्हीएम ग्रुपच्या रचनेची एक प्रत त्या फोल्डरमध्ये ठेवतं, आणि ते फोल्डर त्याच भरलेल्या रूटवर. एक्स्टी४ मध्ये ५ टक्के जागा रूट नावाच्या मुख्य युजरसाठी राखीव असते तीही गेलेली, कारण इमेज घेणारा कंटेनरमधला प्रोग्राम त्याच रूट युजरच्या नावानं चालत होता, त्यानं राखीव पण खाऊन टाकलं. मग जर्नलसीटीएलला व्हॅक्यूम साईझ २००एम देऊन जुने लॉग उडवले, तीन-एक जीबी सुटलं, आणि परत तीच कमांड. एलव्हीएक्स्टेंड, त्याला मायनस छोटा आर, मायनस मोठा एल, प्लस १००जी, आणि पुढं व्हॉल्यूमचा पाथ. हा पाथ पण बघून घ्या, उबंटूमध्ये डीएफला तो उबंटू, दोन डॅश, व्हीजी, एक डॅश, उबंटू, दोन डॅश, एलव्ही असा दिसतो, नावातलाच डॅश असला की मॅपर तो डबल करून दाखवतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं आपलंच टायपिंग चुकलं.

एंटर मारल्यावर दोन सेकंद. साईझ १०० जीआयबी, २५६०० एक्स्टेंटवरून २०० जीआयबी, ५१२०० एक्स्टेंट झाली अशी ओळ आली, खाली फाइल सिस्टिम वाढवल्याच्या ओळी आल्या, डीएफ मारलं तर वापर ५० टक्क्यांवर. रीबूट नाही, अनमाउंट नाही, काही नाही. ताईंना म्हटलं परत पाठवा, त्यांनी सेंड दाबलं आणि माझ्या समोर लॉगमध्ये एकेक स्लाइस यायला लागला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पूर्वी मी जिथं कामाला होतो तिथं साध्या पार्टिशनवरचा असाच डेटाबेस सर्व्हर भरला होता, तेव्हा शनिवारी संध्याकाळी सगळं बंद करून नवीन डिस्कवर कॉपी मारत रविवारी पहाटेपर्यंत बसलो होतो. ज्यानं दोन्ही केलंय त्यालाच हा फरक कळेल.

तो मायनस छोटा आर विसरू नका. त्याच्याशिवाय फक्त व्हॉल्यूम वाढतो, त्यावरची फाइल सिस्टिम तेवढीच राहते आणि डीएफमध्ये ढिम्म फरक दिसत नाही, मग माणूस घाबरून परत वाढवतो. विसरलाच तर एक्स्टी४ ला रिसाइझ२एफएस मारायचं आणि व्हॉल्यूमचा पाथ द्यायचा, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_ग्रोएफएस मारायचं आणि तिथं माउंट पॉइंट द्यायचा. आर लावला की ही भानगड तो स्वतः बघतो.

पुढच्याच आठवड्यात इमेजसाठी ५०० जीबीचा वेगळा व्हॉल्यूम केला, रूटवरच्या इमेज तिकडं हलवल्या. हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं. सीटीचा एक स्लाइस ५१२ बाय ५१२ आणि पिक्सेलला दोन बाइट, म्हंजे अर्धा एमबी, आणि एका तपासणीत पाचशे-सहाशे स्लाइस सहज होतात. आमच्याकडं दिवसाला सात-आठ सीटी, म्हंजे रोज साधारण दोन जीबी. असा रोज वाढणारा डेटा रूटवर ठेवला की एक दिवस तो भरणार आणि सोबत डेटाबेस, लॉग, लॉगिन सगळ्याला घेऊन बुडणार. वेगळ्या व्हॉल्यूमवर असला तर भरला तरी सिस्टिम जिवंत राहते.

मला सगळ्यात जास्त जे आवडलं ते मात्र पीव्हीमूव्ह, चालू डेटा एका डिस्कवरून दुसऱ्यावर हलवणारी कमांड. नोव्हेंबर २०२३ मध्ये ५०० जीबी पण भरत आलं म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. इथं एक महत्त्वाचं, एलव्हीएमच्या साध्या व्हॉल्यूममध्ये डिस्क वाढवली म्हंजे सुरक्षितता वाढत नाही, उलट कमी होते, कारण एक व्हॉल्यूम दोन डिस्कवर पसरला आणि त्यातली एक मेली की त्याची फाइल सिस्टिम गेली. त्यामुळं आधी दोन्ही डिस्कांचा एमडीएडीएम या टूलनं रेड १ केला, दोन्हीवर सारखाच डेटा, त्याचा सिंक पूर्ण होऊ दिला, मग त्या रेडवर, त्याचं नाव एमडी०, पीव्हीक्रिएट आणि व्हीजीएक्स्टेंड मारून तो ग्रुपमध्ये घातला. आता परातीत जुनी एसएसडी पण आणि नवीन रेड पण. मग पीव्हीमूव्ह, मायनस एन, इमेजच्या व्हॉल्यूमचं नाव, कुठून कुठं. आणि तो चालू व्हॉल्यूम, ज्यावर त्याच क्षणी सीटी मशीन इमेज लिहितंय, एका डिस्कवरून उचलून दुसऱ्यावर न्यायला लागला. दर पंधरा सेकंदाला एक ओळ, मूव्हड इतके टक्के. मी ते बघत बसलो होतो, मध्ये दोन पेशंट झाले, कुणाला पत्ता नाही की खालची जमीन सरकतीये.

एकेचाळीस टक्क्यांवर लाईट गेली. यूपीएसची बॅटरी जुनी, दहा मिनिटांत सर्व्हर आडवा. तेव्हा मात्र पोटात गोळा आला, कारण डेटा अर्धा इकडं अर्धा तिकडं. लाईट आल्यावर सर्व्हर चालू केला, पीव्हीमूव्ह नुसतं, पुढं काहीही न देता चालवलं, आणि ते शेवटच्या नोंदीपासून पुढं सुरू झालं. मॅन पेजमध्ये, म्हंजे कमांडच्या माहितीपानात, लिहिलेलं होतंच की मध्येच थांबलं तर असं करा, पण लिहिलेलं असणं वेगळं आणि स्वतःच्या सर्व्हरवर होताना बघणं वेगळं. एकूण साडेतीन तास लागले. नंतर दहा-बारा जुन्या तपासण्या उघडून स्लाइस मोजले, सगळे बरोबर. तरी तुम्ही करताना बॅकअप घेऊन आणि यूपीएस तपासूनच करा.

त्यानंतर व्हॉल्यूम दीड टीबी केला. वाढवताना कमांडच्या शेवटी एमडी० चं नाव दिलं, नाहीतर एलव्हीएम ग्रुपमधल्या कुठल्याही डिस्कवरची मोकळी जागा घेऊ शकतं आणि इतकं करून थोडा डेटा परत त्या एकट्या एसएसडीवर जाऊन बसला असता.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, प्लसची. मोठ्या एलपुढं प्लस ५०जी म्हंजे आहे त्यात ५० वाढव, आणि नुसतं ५०जी म्हंजे एकूण ५० कर. एका ठिकाणी हिशेबाच्या सर्व्हरवर माझ्यासोबतच्या पोरानं २०० जीबीच्या व्हॉल्यूमवर एलव्हीरिसाइझ मारलं, ते वाढवतं पण आणि कमी पण करतं, आणि प्लस राहिला. कमांडनं विचारलं होतं, कॅपिटल अक्षरात वॉर्निंग दिली होती की डेटा नष्ट होऊ शकतो, खरंच कमी करायचंय का, आणि त्यानं सवयीनं वाय दाबलं. मला फोन केला तेव्हा आवाज फुटत नव्हता, "सर, माझ्याकडनं चूक झाली." त्याला पहिलं एवढंच सांगितलं की कशाला हात लावू नकोस, काही चालू करू नकोस. मग अनमाउंट केलं आणि त्याच /ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्ह मधली रिसाइझच्या आधीची प्रत व्हीजीसीएफजीरिस्टोरनं परत लावली. सुटलेल्या गोळ्यांवर अजून कुणी काही लिहिलेलं नव्हतं म्हणून व्हॉल्यूम होता तसा परत जुळला, फाइल सिस्टिम तपासणारं एफएससीके स्वच्छ गेलं, डेटा वाचला. ज्या फोल्डरनं मिरजेत मला अडवलं होतं त्यानंच इथं सोडवलं. पण मधल्या वेळात कुणी त्या जागेवर दुसरा व्हॉल्यूम केला असता तर संपलं होतं. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे, वाढवायला फक्त एलव्हीएक्स्टेंड, कारण त्याला चुकून कमी आकडा दिला तर ते सरळ नकार देतं.

दुसरी तक्रार, थर फार. व्हर्च्युअल मशीन असेल तर आधी होस्टवर डिस्क वाढवा, मग आत डिस्क रीस्कॅन करा, मग ग्रोपार्टनं पार्टिशन वाढवा, त्यात डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा नंबर यांच्यामध्ये स्पेस द्यायची, मग पीव्हीरिसाइझनं फिजिकल व्हॉल्यूम, मग एलव्हीएक्स्टेंड. पाचातली एक पायरी राहिली तरी पुढची कमांड गप्प बसते किंवा जागा नाही म्हणते, कुठला थर अडलाय ते सांगत नाही. मी अशा वेळी एलएसबीएलके मारतो, त्यात डिस्क, पार्टिशन, व्हॉल्यूम एकाखाली एक साईझसकट दिसतात, जिथं आकडा लहान होतो तिथं अडलंय. आणि खरं सांगायचं तर क्लाऊडवर एकच छोटी रूट डिस्क असेल तर एलव्हीएम घालूच नका, तिथं ग्रोपार्ट आणि रिसाइझ२एफएसमध्ये काम होतं, उगाच थर कशाला.

तिसरी, कमी करणं. एक्स्टी४ कमी करायची तर अनमाउंट करावी लागते, म्हंजे रूट असेल तर बाहेरून बूट करा. एक्सएफएसचं तर ते पूर्वीपासूनचं दुखणं आहे, वाढते पण कमी करायचा विचार सोडून द्यायचा, आणि २०१४ मधल्या रेड हॅट ७ पासून त्यांच्याकडं डीफॉल्ट तीच. हा दोष एलव्हीएमचा नाही, फाइल सिस्टिमचा आहे, पण भोगावा आपल्यालाच लागतो. म्हणूनच मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते हे, की सगळी जागा एकदम वाटून टाकू नका. जिथं बघाल तिथं सांगतात छोटा एल प्लस १०० टक्के फ्री मारा आणि मोकळे व्हा. मारू नका! दिलेली जागा चालू सर्व्हरवर परत घेता येत नाही, न दिलेली कधीही, दोन सेकंदात देता येते. उबंटूच्या त्या १०० जीबीचा मला त्या रात्री फार राग आला होता, आता वाटतं त्यांचं बरोबर आहे, ग्रुपमध्ये मोकळं ठेवलेलं होतं म्हणूनच मला रात्री अकराला काहीतरी करता आलं, नाहीतर ते सव्वाआठशे जीबी पण कशात तरी भरलेलं असतं.

मोकळी जागा स्नॅपशॉटला, म्हंजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवायला, पण लागते. सॉफ्टवेअर अपग्रेडच्या आधी २० जीबीचा स्नॅपशॉट काढतो, बिघडलं तर एलव्हीकन्व्हर्ट मर्ज करून मागं जाता येतं. फक्त तो काढून विसरायचा नाही. मूळ व्हॉल्यूमवर जेवढं बदलतं तेवढं स्नॅपशॉटमध्ये साठत जातं, त्याची जागा संपली की तो बाद होतो, आणि तोपर्यंत लिहिण्याचा स्पीड पण पडतो. माझा एकदा असा बाद झाला, मूळ डेटाला काही झालं नाही पण मागं जायची वाट गेली. एलव्हीएसमध्ये डेटा टक्के म्हणून कॉलम असतो तो बघत राहायचा, आणि अपग्रेड नीट झालं की त्याच दिवशी काढून टाकायचा. आणि स्नॅपशॉट म्हंजे बॅकअप नव्हे हो, त्याच डिस्कवर असतो तो, आमचा बॅकअप रोज रात्री वेगळ्या मशीनवर जातो.

नुसती स्टोरेजचीच पेटी नवीन बांधायची असेल तर झेडएफएस ही फाइल सिस्टिम बघा, चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचा आकडा), रेड, स्नॅपशॉट सगळं एकाच ठिकाणी मिळतं, तिथं मी एलव्हीएमचा हट्ट धरणार नाही. पण साधा उबंटू नाहीतर डेबियनचा सर्व्हर, हळूहळू वाढत जाणारा डेटा आणि रात्री बंद ठेवता न येणारं काम असेल तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या प्लसचा कापला.

आमचा इमेजचा व्हॉल्यूम या वर्षी अडीच टीबीवर नेलाय. आज सकाळी व्हीजीएस मारलं, रेडवर १.१ टीबीच्या वर मोकळं आहे. पुढच्या महिन्यात सेंटरमध्ये एमआरआय बसतंय, त्याचा रोजचा डेटा किती येतो ते पंधरा दिवस बघणार आणि मगच प्लस लावून त्याला त्याचा वाटा देणार. यूपीएसची बॅटरी मात्र कालच बदलून घेतली.